पाल्याचं खत

मी वनस्पतीशास्त्र शिकवते, म्हणून बोईसरच्या आमच्या कॉलेजात कचरा हा विषय आपोआप माझ्या गळ्यात पडला. कँटीनमागं विटांचा खड्डा बांधून घेतला. कांद्याची सालं, चहाचा चोथा, पोरांनी ताटात टाकलेला भात, सगळं रोज त्यात जायचं. त्यावर सुका पाला पसरायचा, नाहीतर असा वास सुटतो की कँटीनवाला भांडायला येतो.

पाला गोळा करायचं काम माळीकाकांचं. काका डोंगराकडच्या पाड्यावरचे, कंत्राटी. आधी दरवर्षी दिवाळी झाली की घरादारासह वीटभट्टीवर जायचे. इथं काम मिळालं आणि त्यांची नात पहिल्यांदाच वर्षभर एका शाळेत बसली. प्राचार्यांनी मला बजावलं होतं, "तपासणी समितीला खड्डा आवडला तर काका राहतील. फसला तर ठेकेदार दुसरा माणूस पाठवेल." त्या खड्ड्यात माझी फक्त हौस होती, काकांचं सगळं बिऱ्हाड होतं.

काकांनी बदामाचा, सागाचा पाला झाडून पुरुषभर उंच ढीग केला. मी एकदा ऐटीत म्हणाले, "काका, आता ह्या सगळ्या पाल्याचं खत करायचं बरं का!"

"हां मॅडम, करतो."

कसं करायचं ते मी सांगितलंच नाही. तास होता ना माझा!

समिती यायला आठवडा होता. बोईसरात धूर दिसला की आम्ही कारखान्यांकडं बोट दाखवून मोकळे होतो. त्या सकाळी रिक्षातून उतरले, तर धूर आमच्याच फाटकातून. कँटीनमागं काकांनी जमिनीचा चौकोन साफ केला होता. शेण, पाला, गवत असे थर देऊन वर बारीक माती भुरभुरवली होती आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवलं होतं. अख्खा ढीग! वर खुशीत म्हणाले, "चांगला राब झालाय, मॅडम. आता ह्याचेवर काय पन पेरा."

डोंगराकडं पाल्याचं खत म्हणजे राबच. भाताची रोपं करायच्या आधी जमीन अशीच भाजतात. हे मी परीक्षेत पाच मार्कांना विचारते. तरी मी काकांवर ओरडले, आणि काय काय बोलले ते लिहायची आज लाज वाटते.

आवारात काही जाळायचं नाही, ही पाटी प्राचार्यांनी स्वतः लावलेली. त्यांच्यासमोर काका हात जोडून म्हणाले, "माजी चूक हाय, साहेब. मॅडमचं काय नाय."

तेव्हा कुठं माझी जीभ सुटली. "नाही सर, चूक माझी आहे. खत करा म्हणून मीच सांगितलं, समजावून काहीच सांगितलं नाही."

प्राचार्य म्हणाले, "समिती यायच्या आत खड्डा नीट करा. नाहीतर माझ्याही हातात काही नाही."

खड्डा होता, पाला कुठून आणायचा? झाडं बोडकी झालेली. मी विद्यार्थ्यांना घेऊन शेजारच्या सोसायट्या झाडल्या, पण दोन गोणीसुद्धा भरेनात. खड्ड्याचा वास वर्गात यायला लागला. त्यात काका यायचेच बंद झाले. रागावले असतील, म्हटलं, आणि रागवावंच त्यांनी.

तिसऱ्या दिवशी फाटकाशी टेम्पो उभा. काका आणि त्यांचा मुलगा सुक्या पाल्याचे भारे उतरवत होते.

"काका, एवढा पाला?"

"घरचा हाय. आमचे राबासाटी होळीपासून जमवलेला."

"मग तुमच्या भाताचं काय?"

"यंदा रोपं बारकी येतील," असं म्हणून त्यांनी भारा सोडायला घेतला. नको म्हणायची हिंमत मला झाली नाही. मीही पदर खोचला.

समिती आली, खूश होऊन गेली. काका राहिले. अहवालात खड्ड्याच्या फोटोखाली माझं एकटीचं नाव छापून आलं.

पावसात मी मुद्दाम त्यांच्या पाड्यावर गेले. शेजारच्यांची रोपं हातभर झाली होती, काकांची वीतभर.