चोकाची शेंबी

आमच्या वडिलांनी मोटारीच्या डॅशबोर्डवर बैलाच्या शेंब्या बसवल्या होत्या, असं सांगितलं की माणसं हसतात. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं, आताही येत नाही.

गाडी माझ्या जन्माच्या आधीची, काळी, गोल पाठीची. वडिलांनी ती मंचरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून जुनीच घेतली होती. आमच्या पिंपळवंडीत कुणाच्याही घरी नवरी आणायची असली की झेंडूच्या माळा घालून आमचीच गाडी जायची. मढच्या बाजूला चढ लागला की तापायची, मग बॉनेट उघडून सगळं वऱ्हाड रस्त्याच्या कडेला. डॅशबोर्डवर ओढायचे चार नॉब होते: चोक, स्टार्टर, दिवे आणि वायपर. मूळचे बेकलाइटचे, दुधी रंगाचे. वडील यात्रेतल्या शर्यतीच्या घाटात बैलगाडा पळवणारा माणूस, हातात आलेली कुठलीही गोष्ट हळू ओढायची त्यांना सवयच नव्हती. एकेक करून चारही नॉब त्यांनी तोडले आणि दर वेळी दोष गाडीला दिला.

मग एका पोळ्याला त्यांना ती शक्कल सुचली. शेंब्या म्हणजे सणाला आणि यात्रेला बैलांच्या शिंगांच्या टोकांवर बसवतात ती पितळेची टोपणं. विकलेल्या एका जोडीच्या शेंब्या घरात पडून होत्या. दोन बैलांची चार शिंगं, डॅशबोर्डच्या चार दांड्या. हा हिशोब वडिलांना इतका पटला, की आत लाख भरून त्यांनी त्या दुपारीच चारही ठोकून बसवल्या. आल्यागेल्याला गाडीत बसवून दाखवायचे. "पावणं, वढून बगा. हालायची न्हाई."

मी त्या वेळी कॉलेजात होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एवढी देखणी गाडी आणि तिच्या तोंडावर बैलाचा साज. मित्र गाडीत बसले की हात लावून हसायचे. मी बाहेर बघायचो.

चाकणला नोकरी लागली आणि मी ठरवलं, गाडी पहिल्यासारखी करायची. पुण्यात जुन्या गाड्यांचा मेळा भरतो असं ऐकलं होतं, तिथं ती न्यायची. पत्रा, रंग, सीट, सगळं एकवेळ करून मिळतं. नॉब मिळत नाहीत. सुट्टी आली की मी पुण्याच्या जुन्या बाजारात, भंगारवाल्यांच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून उभा. कुणी रेडिओचं बटण दाखवायचा, कुणी कपाटाची मूठ. "चालतंय की राव, रंग मारा," असंही सांगायचे. असं चालतंय म्हणणाऱ्यांचा मला अजूनही संताप येतो. शेवटी चार मिळाले, तेही दोन वेगवेगळ्या बाजारांत. टूथपेस्ट लावून मऊ फडक्यानं ते चोळले, तेव्हा आतला दुधी रंग वर आला. मी इतका खूश झालो होतो, की आईनं विचारलं, लग्नबिग्न ठरवलंस का काय.

शेंब्या काढताना वडील समोर उभे होते. लाख निघता निघेना. मी पकड लावली, पितळेला दात उमटले.

"आरं, हळू. बैलाच्या हायत त्या."

"ही गाडी हाय दादा, बैल न्हाई," मी चिडून म्हणालो. "एवढं तरी कळाया पायजे."

त्यांनी चारही शेंब्या उचलून खिशात घातल्या आणि गोठ्याकडं गेले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी सुट्टीला घरी आलो, तर अंगणात पुण्याचा एक हॉटेलवाला गाडीच्या टपावर हात ठेवून उभा होता. सौदा ठरलेला होता. चहासुद्धा पिऊन झाला होता. मला कुणी विचारलं नव्हतं, नुसतं कळवलंही नव्हतं. गुडघ्यामुळं वडिलांना क्लच दाबवत नव्हता हे खरं. पण मी होतो ना. गाडी हवी म्हणून मी पिंपांत हात घालत हिंडलो होतो, हे आख्ख्या घराला माहीत होतं.

त्यात तो गृहस्थ गाडी चालवणारसुद्धा नव्हता. हॉटेलाच्या दारात उभी करायची, म्हणे. लोक फोटो काढतील. दार उघडून त्यानं आत डोकावलं आणि म्हणाला, "नॉबसुद्धा ओरिजिनल? हे तर कुठंच मिळत नाहीत."

"पोरानं लई हिंडून आणलं," वडील कौतुकानं म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना गोठ्याच्या दाराशी नेलं. आमच्याकडं जनावर विकलं तरी त्याचं दावं, म्हणजे बांधायची दोरी, देत नाहीत. घेणारा आपलं दावं घेऊन येतो, आपलं आपल्या खुंटीला राहतं. दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते म्हणतात. आमच्या गोठ्यात विकलेल्या प्रत्येक बैलाचं दावं टांगलेलं होतं, आणि या एका बाबतीत वडिलांनी कुणाचं कधी ऐकलं नव्हतं.

"गाडी चालली तर जाऊ द्या," मी म्हणालो. "पर नॉब मी काढून घेतो. दावं न्हाई देत आपन."

त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता.

"तूच म्हनला व्हतास, गाडी हाय, बैल न्हाई. मंग तिला दावं कुटलं?"

एवढं बोलून ते गेले आणि गाडीत बसले. शेवटची सुरू करून द्यायची होती. जन्मभर हिसका मारणाऱ्या त्या माणसानं त्या दिवशी चोक दोन बोटांत धरला आणि अलगद ओढला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मग ते उतरले, हॉटेलवाल्याचा ड्रायव्हर आत बसला आणि गाडी पुण्याच्या रस्त्याला लागली.

मी गोठ्यात शिरलो. काहीतरी लाथेनं उडवायचं होतं. खुंट्यांवर दावी टांगलेली होती, आणि शेवटच्या खुंटीवर, माझ्या डोळ्यांसमोर, सुतळीत ओवलेल्या त्या चार शेंब्या. राखेनं घासून लख्ख केलेल्या. पकडीचे दात तेवढे निघाले नव्हते. प्रत्येकीला कुंकू लावलेलं होतं, अजून ओलं.

म्हणजे गाडीचं दावं त्यांनी ठेवलं होतं. स्वतःचं. माझं तेवढं देऊन टाकलं, आणि ते मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.