छातीवरचा हात

आयटी कंपन्यांच्या मागोमाग शहराभोवती व्यवस्थापनाची महाविद्यालये उभी राहत होती, त्या काळी लोणी काळभोरजवळच्या अशाच एका महाविद्यालयात मी नातीला घेऊन गेलो. दुपारी फी भरली की तिचा प्रवेश पक्का होणार होता. स्वागतसमारंभात एका रुबाबदार गृहस्थांनी, संस्थेचा माजी विद्यार्थी म्हणून, महाविद्यालयाची ध्येये समजावून सांगितली. ‘सचोटी’ म्हणताना ते उजवा हात छातीवर ठेवीत. माझ्यासारख्या संशयी माणसानेही टाळ्या वाजविल्या.

चहाच्या वेळी मी विचारले, “आपण कोणत्या वर्षी उत्तीर्ण झालात?”

“अहो काका, मी नाटकवाला,” बिस्किट बुडवीत ते म्हणाले. “मागच्या शनिवारी दुसऱ्या कॉलेजात मी थेट अमेरिकेहून आलो होतो.”

मी हादरलो. “ही उघड फसवणूक आहे! मी कुलगुरूंना लिहिणार!”

“जरूर लिहा. माझे संवाद मात्र कॉलेजनेच लिहून दिलेत.”

इतक्यात नात धावत आली. “सर, तुमच्यासारखं व्हायचं तर पहिल्या वर्षी काय करू?”

त्यांचा हात छातीकडे निघाला आणि मध्येच खाली आला.

“फी भरू नकोस. आजोबांबरोबर घरी जा.”

हे वाक्य त्यांना कोणी लिहून दिलेले नव्हते.