साडेआठ शेरांचं लेकरू

चाँदबीचा नवरा मोहियोद्दीन पिंजारी होता. गाद्या भरता भरता त्याच्या छातीत कापूस गेला आणि तो खोकून खोकून मेला. त्यानंतर चाँदबी हिंगोलीच्या स्टेशनाजवळच्या कापसाच्या जिनमध्ये सरकी वेचायच्या कामावर लागली. दोन वर्षांनी एका मजूर बाईचं रांगतं पोर यंत्राच्या पट्ट्याच्या अगदी जवळ सापडलं. त्याला काही झालं नाही, पण मालक घाबरले. त्यांनी मागची पत्र्याची खोली रिकामी केली आणि बायांची लेकरं सांभाळायला चाँदबीला बसवलं. तिला स्वतःला मूल नव्हतं. मालकांना ते सोयीचं वाटलं.

ही एकोणीसशे चाळीसच्या सुमाराची गोष्ट. तेव्हा इकडं निजामाचं राज्य होतं.

खोलीत अठरा लेकरं असायची. त्यांना काय खाऊ घालायचं, हे आधी कोणी ठरवलेलं नव्हतं. घरून आलेली भाकरी पाण्यात कुस्करून द्यायची, एवढंच. मग एकदा देवी टोचायला डॉक्टर आले. त्यांनी पोरांच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि चाँदबीला सांगितलं, "नुसत्या भाकरीवर पोर जगतं, वाढत नाही. डाळ पाहिजे, हिरवा पाला पाहिजे, दूध पाहिजे. जमलं तर अंडं. रोज एकच नको, फिरवून द्या."

डॉक्टर सांगून गेले. चाँदबीला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनं ते पाठ केलं.

अडचण वेगळीच होती. खोलीत मुसलमानांची पोरं होती, गावातली होती, लमाणांच्या तांड्यावरची होती. कोणाच्या हातचं कोणाला चालत नव्हतं. चाँदबीनं एक दिवस डाळ शिजवली, तर ती सहा पोरांनी खाल्ली आणि बारांच्या आया भांडायला आल्या. दुसऱ्या दिवसापासून तिनं चूलच पेटवली नाही. जे शिजत नाही त्याला विटाळ नाही, हे साऱ्यांना मान्य होतं. तेव्हा भाकरी घरची आणि बाकीचं चाँदबीचं, पण कोरडं नाहीतर कच्चं. भडभुंज्याकडचे फुटाणे, शेंगदाणे, गूळ. हरभऱ्याचा कोवळा पाला शेतात मिळायचा, तो चिरून मीठ-तेल लावून घोळाणा करायचा. कधी मेथीचा, कधी कांद्याच्या पातीचा. थंडीत बोरं आणि गाजरं. लहानग्यांना फुटाण्याचं पीठ गुळात मळून. तिची स्वतःची एक शेळी होती, तिचं दूध आळीपाळीनं. अंड्यावर वाद झाला. अंडं उकडावं लागतं. पण ते टरफलात असतं, आत कोणाचा हात लागत नाही, असं चाँदबी म्हणाली. ज्या घरात अंडं खात होते त्या बायांनी थोडा विचार केला आणि ते पटवून घेतलं.

दिवाळीनंतर तांड्यावरच्या पारुबाईनं आपलं दोन वर्षांचं पोरगं आणलं. थावरा. डोकं मोठं, हातपाय काड्या. ते रडत नव्हतं, रांगत नव्हतं, बसवलं तिथं बसत होतं.

"असं गप काहून बसून राहिलं?" चाँदबीनं विचारलं.

"सासूपाशी ठेवीत व्हते," पारुबाई म्हणाली. "ती सकाळी बोटावर अफू चाटवती. मग दिसभर निजतं. कायबी तकलीफ न्हाई."

"खातं कवा मग?"

"निजल्यावर कसं खाईल?"

चाँदबीनं थावराला मांडीवर घेतलं. ते दुपारपर्यंत उतरलं नाही.

पण पारुबाईचं मन पक्कं नव्हतं. तांडा दोन कोस लांब. पोर कडेवर घेऊन यायचं, दिवसभर कापसाच्या पाट्या उचलायच्या, पुन्हा पोर घेऊन जायचं. तिनं सरळ सांगितलं, "संक्रांतीपर्यंत आणते, चाँदबी. शेरभर वाढलं तर ठेवते. न्हाई तर सासूच बरी. फुकट कंबर काहून मोडून घेऊ?"

चाँदबी बरं म्हणाली.

वजन करायचं म्हणजे कापसाचा काटा. चाँदबी त्याच दुपारी थावराला तिथं घेऊन गेली. काट्यावर इस्माईल होता. वीस वर्षं तोच तोलत होता. त्यानं टोपलीच्या भाराचा धोंडा दुसऱ्या पारड्यात टाकला, थावराला टोपलीत बसवलं, मापं चढवली, मनाशी पुटपुटला आणि म्हणाला, "साडेआठ शेर, आपा."

पंधरा दिवसांनी चाँदबीनं सकाळीच पुन्हा नेलं. थावरा आता पाला चावत होता, भाकरी मागत होता.

"साडेआठ," इस्माईल म्हणाला.

चाँदबीनं त्याच्या सकाळच्या खाण्यात फुटाण्याचं पीठ वाढवलं. आठ दिवसांनी साडेआठ. एक दिवसाआड अंडं सुरू केलं. साडेआठ. दुसरी पोरं त्याच्या वाट्याचं खात असतील म्हणून ती तो जेवत असताना समोर बसून राहू लागली. थावरा तिच्यादेखत सगळं खात होता आणि वाटी चाटत होता. मग तिला शेळीचा संशय आला. तिनं दूध चाखून पाहिलं. दूध चांगलं होतं. तिनं शेळीला सरकीची पेंड जास्त घातली. शेळी जाड झाली.

थावरा चालायला लागला, एका पोराला चावला, दिवसभर खोलीत फिरला, आणि काट्यावर साडेआठ शेरच भरला.

चाँदबीला वाटलं, आपण डॉक्टरांचं काहीतरी चुकीचं पाठ केलं. रोज पहाटे ती ते पहिल्यापासून म्हणून पाही. डाळ, पाला, दूध, अंडं. त्यात काही सुटत नव्हतं. काळजीनं तिची स्वतःची भाकरी मात्र कमी झाली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी पारुबाई दुपारच्या सुट्टीत स्वतः काट्यापाशी आली. थावराला टोपलीत बसवलं. तो तिथंच मुतला. इस्माईलनं मापं चढवली, काटा थांबला.

"पावणेनऊ," तो म्हणाला.

"पावशेर," पारुबाई म्हणाली. "दोन महिने वागवलं, नि पावशेर."

चाँदबीनं टोपलीकडं हात नेला, पण पारुबाई पारड्याजवळ वाकली होती. तिच्या घरचा कापूस दरवर्षी याच काट्यावर येत होता. ती मापं बोटानं मोजू लागली.

"पाच नि दोन सात. नि दोन नऊ. नि हे अर्धं. मामू, साडेनऊ व्हतेत की. पावणेनऊ कुठून काढले?"

"कडता काढून," इस्माईल म्हणाला.

"कशाचा कडता?"

"माल वला हाय ना. वलीचं वजन कापायचं. कोरड्याला पाव, दहिवर पडलं असलं तर अर्धा, चिंब वल्याला पाऊण. दस्तूर हाय."

पारुबाईनं थावराकडं पाहिलं. थावरा टोपलीतून खाली टपकत होता.

"कापसाचा कडता लेकराला लावून राहिले तुमी?"

इस्माईलनं टपकणाऱ्या टोपलीकडं पाहिलं. मग म्हणाला, "माल म्हनून न्हाई लावला, बाई. हात आपोआप लावतो." आणि कपाळ पुसून पुढं म्हणाला, "आपा सकाळीच आणायच्या. सकाळी सगळंच वलं असतंय."

"म्हणजे शेरभर भरलं," पारुबाई म्हणाली. "साडेआठाचे साडेनऊ."

आता चाँदबीनं गप्प बसायला हरकत नव्हती. पण तिनं हिशेब मनात केला होता आणि तो तिला आत ठेवता येईना.

"न्हाई," ती म्हणाली. "पहिल्या दिशी दुपारी आणलं व्हतं. तवाबी पाव कापला असंल. म्हंजे पहिलं वजन पावणेनऊ. तीन पावच वाढलं गं, पारू. पावशेर कमी हाय."

इस्माईलनं मान हलवली. "बराबर हाय. पाव कापला व्हता."

पारुबाईनं थावराला टोपलीतून उचललं. ती दिवसभर डोक्यावर पाट्या घेणारी बाई. पोर कडेवर बसवून तिनं कंबर एका बाजूला झुकवली, मग दुसऱ्या कडेवर घेऊन पाहिलं. थावरानं तिच्या तोंडावर हात मारला आणि खाली उतरायला पाय झाडू लागला. तिला तो दोन्ही हातांनी धरावा लागला.

"सासूपाशी असा पाय झाडत नव्हता," ती म्हणाली.

"जड व्हतोय ना वागवायला?" चाँदबीनं हळूच विचारलं.

"व्हतोय. दोन कोसांत कंबर मोडतेय माझी." तिनं त्याला चाँदबीच्या कडेवर दिलं. "उद्या संक्रांत, सुट्टी हाय. परवा आणते."

कामाचा भोंगा झाला. पारुबाई पाटी उचलून आत गेली. चाँदबी थावराला घेऊन खोलीकडं निघाली. हरभऱ्याचा पाला आता निबर होत आला होता, एक-दोन दिवसांत घोळाणा बंद होणार होता. त्याच्या जागी काय द्यायचं, ते तिला परवाच्या आत ठरवायचं होतं.