ठकुबाईच्या तोंडी नाव

हिर्डोशीच्या ठकुबाईनं अडतीस वर्षं संसार केला, पण नवऱ्याचं नाव काही तोंडातून काढलं नाही. लग्नात बायका उखाण्यासाठी दार अडवून बसल्या, तर ही बया मागच्या दारानं पसार! नवऱ्याचं नाव सावळाराम, म्हणून ती 'सावली'सुद्धा म्हणायची नाही. उन्हातून आलेल्याला सांगायची, "झाडाखाली गारव्याला बसा." म्हातारा गेला, वर्षाच्या आत सुनेला मुलगा झाला, आणि लेकानं हौसेनं बापाचंच नाव ठेवलं. आता बोला! म्हातारीला नातू मिळाला, पण हाक मारायची सोय राहिली नाही.

मग ती नातवाला 'अवो' म्हणू लागली. "अवो, दूध प्या. अवो, शेंबूड पुसा." सहा वर्षांचं कार्टं, आणि त्याला अहोजाहो! पोरगंही लई वस्ताद. पाटावर ऐटीत मांडी घालून फर्मावायचं, "भाकर वाढा, कालवण तिखट करा." ठकुबाई पदरात तोंड लपवून हसायची. या पोरावर तिचा भारी जीव.

चौतीस सालच्या उन्हाळ्यात दोघं भोरच्या बाजाराला आली. ठकुबाई मिरच्यांचा भाव पाडण्यात रंगली आणि मागं वळून बघते तर नातू गायब. एकुलतं एक पोर, घरी सुनेला काय तोंड दाखवायचं? तिनं दवंडीवाल्या गेनबाला गाठलं.

"नाव काय पोराचं?" गेनबानं विचारलं.

"आमच्या मालकांचंच की."

"आन् मालकांचं काय?"

"म्या कसं सांगू? येडा का खुळा तू!"

गेनबानं कपाळाला हात लावला आणि डफ बडवला, "ऐका हो ऐका! हिर्डोशीच्या म्हातारीच्या मालकांच्या नावाचं पोरगं हरवलंय होऽ!" अख्खा बाजार खिदळला. ठकुबाई मात्र एकेका गाडीखाली वाकून बघत होती.

तेवढ्यात तिला ते दिसलं. शिरवळकडं निघालेल्या बैलगाडीच्या मागच्या टोकाला, पाय हलवत, ऊस चोखत! "अवो! अवो, थांबा!" ठकुबाई ओरडली. बाजारातले दहा-बारा नवरे थांबले. गाडी कुठली थांबतीय? ती पार वळणाशी पोचली. ठकुबाईनं डोळे गच्च मिटले.

"सावळाराऽमा! उतर खाली, मुडद्या!"

पोरानं टुणकन उडी मारली. ठकुबाई धावत गेली, दोन धपाटे घातले, पोटाशी धरलं, पुन्हा एक धपाटा घातला.

घरच्या वाटेला मात्र तिच्या तोंडाला खळ नव्हता. "सावळारामा, जत्रंला न्हेतो म्हनालास, कवा न्हेलंस? सावळारामा, रातभर घोरायचास, माजी झोप कुनी भरायची?" जत्रा कुठली, घोरणं कुणाचं, पोराला काही कळेना.

मग तिचा आवाज चिरकला. "सावळारामा, म्या रानात हुते, आन् तू न सांगता गेलास. येक हाक तरी मारायचीस की रं."

पोरानं तिचं बोट घट्ट धरलं. "चुकलं माजं," ते म्हणालं. "आता न्हाई जायाचो."

ठकुबाई तिथंच वाटेच्या कडेला बसली आणि सात वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेऊन पोटभर रडली.