पाण्यात कालवलेला भाव

“सगळ्या गावात चहा महाग व्हावा म्हणून वाट बघणारा मी एकटाच,” रंगारीकाका एकदा म्हणाले होते, आणि त्यात तसूभरही अतिशयोक्ती नव्हती.

दुकानांच्या भावफलकांवर लिहिणं हे त्यांचं काम. वस्तूचं नाव ऑइलपेंटनं, भाव पाण्याच्या रंगानं. खडूची पूड आणि डिंक घालून तो रंग ते घरीच कालवत. नाव टिकायला हवं, भाव ओल्या फडक्यानं पुसता यायला हवा. पूर्वी एकेक आकडा ऊन खाऊन पिवळा पडेपर्यंत पाटीवर राहायचा. आता नीट वाळायच्या आत दुकानदाराची हाक येई. एखादी वस्तू दोन आकड्यांतून तीन आकड्यांत गेली, की काका तिचं मनातल्या मनात अभिनंदन करत. अंक वाढला की एका अंकाची मजुरी वाढली.

ही मजुरी त्यांनी तरुणपणी चौकातल्या चहाच्या दुकानात बसून ठरवली होती: एका अंकाला एका कपाचा भाव. चहा वाढला की मजुरी आपोआप वाढणार, कुणाशी घासाघीस नको. या हुशारीवर ते बरीच वर्षं खूश होते. मग चहावाल्यानं भाव वाढवायचं सोडून कप बदलायला सुरुवात केली. सहा वर्षांत तीनदा कप बदलले, दरवेळी आधीच्याहून लहान; पाटीवरचे दहा जागचे हलले नाहीत. रंगाचा डबा दुप्पट महाग झाला, काका दहावरच. आठ आणि सहा सारखेच दिसू लागले तेव्हा बायको रोज विचारू लागली, “चष्मा कधी?”

“चहा वाढला की.”

“तुमची अक्कल त्या कपात बुडाली. आणि कप एवढासा, की तीसुद्धा धड बुडेना.”

म्हणून त्या सकाळी चहावाल्यानं स्वतःहून बोलावलं तेव्हा काका दाढी करून गेले.

“काका, पंधरा करा. दूध परवडत नाही, आणि याहून लहान कप बाजारात नाही. याच्या खाली बाहुल्यांचेच.”

काका स्टुलावर चढले. पाटीवर ‘चहा’च्या आधी वीतभर मोकळी जागा होती. तिथं ‘स्पेशल’ लिहून घ्यायचं चहावाल्याच्या मनात होतं, पण तसा चहा त्या दुकानात कधी झालाच नाही. काकांनी शून्य पुसलं. ब्रश हलू नये म्हणून हात रंगाऱ्याच्या काठीवर टेकवला, डोळे बारीक केले आणि असा पाच काढला, की त्याच्या पोटाच्या गोलाईत सहा वर्षं मावावीत.

खाली नेहमीच्या दोघांची जुंपली होती. निवृत्त मास्तर सरकारच्या बाजूचे. शिंपी सरकारच्या विरोधात, मग सरकार कुणाचंही असो.

“महागाई ही मनाची अवस्था आहे,” मास्तर म्हणाले. “हाच चहा घ्या. सहा वर्षं दहालाच! याला म्हणतात कारभार.”

“मास्तर, गेल्या महिन्यात तीन गिऱ्हाइकांनी विजारीला एकच खिसा ठेवायला सांगितला. दुसऱ्यात ठेवायला काही उरत नाही म्हणे.”

“कापड वाचवत असतील.”

“आणि कापड का वाचवतात?”

उत्तर शोधायला मास्तरांनी मान वर केली, आणि त्यांना पाच दिसला.

“हे काय? पंधरा? अहो, ही सरळ सरळ लूट आहे!”

“आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललात!” शिंपी उठून मास्तरांच्या शेजारी जाऊन बसला. ते बाक अठरा वर्षांत कधी दोघांचं झालं नव्हतं. “आम्ही दोघं उद्यापासून समोरच्या चहावाल्याकडे.”

चहावाल्याचा चेहरा उतरला. हे दोघं मिळून चार कप पीत, पण त्यांचं भांडण ऐकायला वीसजण बसत.

“काका, राहू द्या. पुसा.”

“आत्ताच काढलाय. अजून ओला आहे.”

“मग तर सोपंच.”

मास्तरांनी स्टुलाकडे बघून मान हलवली. “मनाला लावून घेऊ नका. तुमच्यासारख्या गरीब माणसासाठीच भांडतोय आम्ही.”

“अगदी,” शिंपी म्हणाला.

काकांनी पाच पुसला आणि शून्य काढलं. चहावाल्यानं कप वर धरला. “रागावू नका. हा आपल्याकडून.”

काकांनी तो एका घोटात संपवला आणि ते कपाच्या तळाकडे जरा वेळ बघत राहिले. मग कप चहावाल्याच्या हातात देऊन त्यांनी ऑइलपेंटचा डबा उघडला. ‘चहा’च्या आधीच्या मोकळ्या जागेत, ठळक आणि शांतपणे, एक शब्द लिहिला: अर्धा.

चहावाला ओलं फडकं घेऊन धावला. फडकं लाल झालं, कडा जरा फिसकटल्या, पण पाण्यानं ऑइलपेंट निघेना. बाकावर मास्तर पाटी मोठ्यानं वाचत होते, ‘अर्धा चहा, दहा’; शिंप्यानं आपला कप डोळ्यांसमोर धरला होता. काकांनी डब्याचं झाकण ठोकून बसवलं, काठी काखोटीला मारली, आणि स्टूल तिथंच सोडून ते पायऱ्या उतरून गेले.