खुर्चीतलं खुर्चीत

सातवीच्या मुलांनी त्यांचं नाव तळेबाई पाडलं होतं. इतिहासाच्या तासाला त्या फळ्यावर आधी एक मोठं तळं काढत आणि त्याच्या मधोमध मेक्सिकोतल्या अझ्टेक लोकांचं शहर वसवत. पाण्यातले वाफे, वाफ्यांतला मका, होड्यांनी माल येणारा बाजार आणि गरिबाच्या पोरालाही चुकत नसलेली शाळा. हे शेवटचं ऐकून वर्ग दरवर्षी उसासे टाकायचा, म्हणजे तिथेही सुटका नव्हतीच. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारायचंच, बाई, ते माणसाचा बळी देऊन काळीज काढतात तो भाग कधी? आधी बाजार पाठ करा, बाई म्हणत, काळीज कुठे पळून जात नाही.

तळ्यापेक्षाही बाईंची खुर्ची नावाजलेली होती. धडा संपत आला की टेबलाशेजारी त्या एक हात मोडलेली खुर्ची ठेवत. तिच्यात बसेल तो त्या काळातला माणूस. कोणी विणकर, कोणी फिरता व्यापारी, कोणी राजाचा जासूद. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, बसलेल्याने त्या माणसाच्या तोंडून उत्तरं द्यायची. नियम दोनच. खुर्चीतला बोलत असताना कोणी मध्ये तोंड घालायचं नाही, बाईंनीसुद्धा नाही. आणि खुर्चीतलं खुर्चीत ठेवायचं. एका लाजाळू मुलाला वर्गाने जासूद जासूद म्हणून रडकुंडीला आणलं होतं, तेव्हापासून खुर्चीत बोललेल्यावर बाहेर चिडवणं बंद, विचारणंही बंद.

यंदा त्यांची लेकच वर्गात होती. शाळेत ती आईला बाई म्हणे. घरी हल्ली काहीच म्हणत नव्हती. कारण तळेबाईंना ठाऊक होतं. ही शाळा सातवीपर्यंतच. गावातली पुढची शाळा नावाला, मास्तर आले तर तास. म्हणून त्यांनी धाकट्या बहिणीच्या शहरात लेकीचं नाव घातलं होतं, रेल्वेने एक रात्र लांब. स्वतः सोबत जाणं शक्य नव्हतं. घरात त्यांची आई अंथरुणाला खिळलेली, आणि ही नोकरी सोडली तर चूल कशावर पेटायची? लेकीला सांगितलं तेही नाव पक्कं झाल्यावर. आधी सांगून रडारड कशाला, असं त्यांना वाटलं होतं. पण लेक रडली नाही. "तू ठरवलंयस ना," एवढं म्हणाली आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. भांडणाऱ्या पोरीची समजूत घालता येते. गप्प पोरीचं काय करायचं, ते कुठल्या पुस्तकात नसतं.

खुर्चीसाठी बाईंनी तिला दुभाषी मुलगी दिली. समुद्रापलीकडून चालून आलेला परका सरदार आणि अझ्टेक राजा यांच्या मध्ये उभी राहून इकडचं तिकडे सांगणारी. पोरगी चुणचुणीत आहे, भाव खाऊन जाईल, त्या निमित्ताने तोंड तरी उघडेल, असा त्यांचा होरा. तासाला त्यांनी ती गोष्ट दरवर्षीसारखी सरदाराच्या छावणीपासून सांगितली होती. लेकीने वाचनालयात बसून त्याआधीचंही वाचलं होतं, हे कळलं ते ती खुर्चीत बसल्यावर.

पहिला प्रश्न सोपा आला. दोन भाषा कशा काय येतात?

"एक माझ्या आईची," लेक म्हणाली. "दुसरी, आईने मला ज्यांना देऊन टाकलं त्यांची."

बाकांची करकर थांबली. मग एकदम हात वर झाले. का दिलं? कोणाला? लेक शांतपणे सांगत गेली. वडील वारले, आईने दुसरं घर केलं, मुलगा झाला, मग मी अडचण झाले. गावाला सांगितलं की पोरगी मेली, आणि मला परक्यांच्या हवाली केलं. बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं, की हे त्या सरदाराच्या एका शिपायाने म्हातारपणी लिहून ठेवलंय, सगळे जाणकार ते खरं धरत नाहीत. पण मध्ये बोलायचं नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. त्या भिंतीला टेकून खडू चुरत राहिल्या.

नेहमी काळीज मागणारा मागच्या बाकावरचा मुलगा उठला. तुझी आई वाईट होती का, त्याने विचारलं.

लेक फळ्यावरच्या तळ्याकडे बघत होती. "वाईट नसेल. माझं तिथे भलं होईल असं वाटलं असेल तिला. पण तिने मला विचारलं नाही." ती वर्गाकडे वळली. "विचारलं असतं तर मी कदाचित हो म्हटलं असतं."

घंटा झाली. वर्गाने बाकं बडवली. काळीजवाल्याने जाता जाता सांगून टाकलं की बाई, हे काळजापेक्षा भारी होतं.

घरी जाताना दोघी रोजच्याच रस्त्याने निघाल्या. सायकल दुरुस्तीवाला फुगवलेली ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता, तिथे लेक नेहमी रेंगाळायची. आज सरळ पुढे गेली. कोपऱ्यावर तळेबाईंनी घसा साफ केला. "मघाशी तू जे म्हणालीस..."

"खुर्चीतलं खुर्चीत," लेक म्हणाली. आवाजात राग नव्हता. वर्गात एखाद्याला नियमाची आठवण द्यावी, तसं म्हणाली. मग आईच्या हातातला वह्यांचा गठ्ठा पाहून त्यातल्या अर्ध्या स्वतःकडे घेतल्या.

तळेबाई तो नियम मोडू शकल्या असत्या. आई म्हणून मोडता आलाच असता. पण पोरीला बोलायला जगात ती एकच जागा सापडली होती, आणि तीही बंद केली तर मग काय उरलं? आणि विचारून तरी काय? ती नाही म्हणाली, तर तिला इथल्या त्या बिनमास्तरांच्या शाळेत घालायची हिंमत त्यांच्यात नव्हती.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. मावशीचं बोलणं म्हणजे उघडा नळ. पोरीसाठी खाट आणलीये, मुलांना खोली आवरायला लावलीये, आता खाट खिडकीशी लावू की भिंतीशी, तिला काय आवडेल ते विचार.

तळेबाईंनी फोन खाली धरला आणि लेकीला विचारलं. विचारता विचारताच त्यांच्या ध्यानात आलं, की विचारण्यासारखं आता एवढंच उरलं आहे.

लेक आजीला चमच्याने पाणी पाजत होती. तिने चमचा रिकामा केला, आजीच्याच पदराच्या टोकाने तिची हनुवटी टिपली.

"तूच ठरव," ती म्हणाली.

तळेबाईंनी फोन पुन्हा कानाला लावला. "खिडकीशी लाव," त्या म्हणाल्या. पलीकडे बहीण गादीबद्दल बोलू लागली.