गणित सुमनआत्याचं

फ्लेक्सवाल्याने माझ्या आत्याला मेल्यावर वळण लावलं.

सुमनआत्या परवा गेली. वय एक्क्याऐंशी. उज्जैनला आमच्या माधव नगरच्या चौकात लावायला मी तिचा फोटो दिला होता. उघडं डोकं, चष्म्यातून रोखलेली नजर. फ्लेक्स छापून आला तर डोक्यावर पदर! कॉम्प्युटरने घातलेला. वर जरीचे काठ.

"भाईसाहब, बुज़ुर्ग महिला हैं, खुला सिर अच्छा नहीं लगता. फ्री में एडिट कर दिया."

त्यांच्या औदार्यापुढे मी नतमस्तक आहे. पण पदर घालायला त्यांनी चुकीची बाई निवडली.

आजोबांचं पंचांग उज्जैनच्या कितीतरी मराठी घरांत असायचं. त्यांची दृष्टी गेली, त्यानंतर बावीस वर्षं त्यातलं सगळं गणित आत्याने केलं.

दुपारची जेवणं आटोपली की ओट्यावरच वही उघडायची. मी तेव्हा संस्कृतात एम.ए. करत होतो. श्लोक मला पाठ, भागाकार तिला यायचा.

एकदा एक पंडितजी आजोबांशी भांडायलाच आले. "आपकी एकादशी गलत दिन छपी है!"

आत्या पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"पंडितजी, सूर्योदय आपने काशी का लिया है. व्रत तो उज्जैन में रखोगे ना?"

पंडितजींनी आपला कागद पाहिला. परत पाहिला. मग हात जोडले... आजोबांना.

"बेटी को क्या सिखाया है आपने!"

आजोबा म्हणाले, "सिखाया था. अब तो मेरा सिर्फ नाम छपता है."

त्या वर्षी तिचं नाव छापायचं त्यांनी ठरवलं. मोडता घातला तो आत्यानेच.

"अण्णा, बाईने केलंय कळलं तर लोक मुहूर्ताला दुसरं पंचांग आणतील. राहू द्या."

किती समजूतदार मुलगी, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

आज नवा फ्लेक्स लावून घेतला. डोकं उघडं, आणि नावाखाली ठळक अक्षरांत: पंचांगाचं गणित करणारी. जाणारे-येणारे थांबून वाचतायत. ऊर भरून आला.

आत्या, तुला साष्टांग नमस्कार.

एकच सांगतो. तुझ्या वह्या माझ्याकडे आहेत. एकाही पानावर तुझं नाव नाही. छापखान्यात कुणी विचारू नये म्हणून अक्षरसुद्धा तू आजोबांसारखं काढायचीस.

तुला ते गणित करताना पाहिलेला आता मी एकटा उरलोय.

माझ्यानंतर हे कुणाला खरं वाटणार नाही, याची मला भीती वाटते.